मण्यार की कवड्या? सापांची वंशावळ कशी वाचायची आणि ॲप कुठे अडखळतं

पाऊस सुरू झाला की सालेकसा, आमगाव, देवरी या पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. काळपट साप, अंगावर पांढरे पट्टे, फोटो बहुतेक हललेला, आणि खाली प्रश्न: "मण्यार आहे का भाऊ?" मग एकेक उत्तरं येतात. कुणी म्हणतं करैत आहे, लांब राहा. कुणी म्हणतं कवड्या आहे, काही होत नाही. कुणीतरी तोच फोटो ओळख सांगणाऱ्या ॲपमध्ये टाकून स्क्रीनशॉट पाठवतं, तर त्यात नुसतं "साप" असं आलेलं असतं. मग हसणाऱ्या इमोजींची रांग.

पण ॲपचं ते उत्तर दिसतं तेवढं बावळट नाहीये. ते तसं का आलं हे कळायला आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल: सजीवांचं नातं कसं ठरवतात आणि ते झाडासारखं का काढतात.

नाव सारखं, घर वेगळं

आपण नावं ठेवतो ती दिसण्यावरून. डुरक्या घोणस घ्या. जाड अंग, अंगावर तपकिरी ठिपक्यांची नक्षी, म्हणून नावात "घोणस" आलं. पण तो घोणसच नाही. तो मांडुळाचा जवळचा नातेवाईक, दोघं एकाच प्रजातीगटातले, आणि दोघंही बिनविषारी. खरी घोणस मात्र देशातल्या सर्वात जास्त जीव घेणाऱ्या सापांपैकी एक. कवड्या आणि मण्यार यांचंही तसंच. दोघं रात्री फिरतात, दोघं घरात शिरतात, दोघांच्या अंगावर आडवे पट्टे. कवड्याला विषाचा धोका नाही. मण्यार चावला तर माणूस श्वास बंद पडून मरू शकतो.

दिसण्यावरून नातं ठरत नाही, हे खरं तर आपल्या भागात नव्याने सांगायची गरज नाही. माघ पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेला जाणाऱ्या गोंड समाजात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी विभागणी आहे. एका देवसंख्येची माणसं भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. चेहरा कितीही वेगळा असो, गाव कितीही लांब असो. नातं ठरतं वंशावरून. जीवशास्त्राला हाच नियम पक्का करायला बरीच वर्षं लागली.

असाइनमेंट कुणी कुणाची छापली?

आता प्रश्न असा की लाखो वर्षांपूर्वीची वंशावळ सांगणार कोण? कुणी लिहून तर ठेवली नाही.

इंजिनिअरिंग केलेल्यांना हे लगेच समजेल. वर्गातल्या ६० जणांनी एकच असाइनमेंट जमा केली आहे. कुणी कुणाची छापली हे सरांना कसं कळतं? बरोबर उत्तरांवरून नाही, ती सगळ्यांची सारखीच असतात. कळतं ते चुकांवरून. दोघांनी तिसऱ्या पानावर एकाच शब्दाचं एकच चुकीचं स्पेलिंग लिहिलं असेल, तर एकतर एकाने दुसऱ्याची छापली किंवा दोघांनी एकाच तिसऱ्याची. आणि त्या दोघांपैकी एकाच्या वहीत आणखी एक नवी चूक असेल आणि ती पुढे चार जणांकडे दिसत असेल, तर ते चार जण त्याच्याच फांदीवरचे.

डीएनए म्हणजे अशीच छापली गेलेली प्रत. ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली. प्रत्येक पिढीत तिची नक्कल होते, नक्कल करताना कुठेतरी एखादं अक्षर बदलतं, आणि तो बदल पुढच्या सगळ्या प्रतींत उतरतो. शास्त्रज्ञ वेगवेगळ्या प्राण्यांतला एकच जीन घेतात, अक्षरं एकाखाली एक लावतात आणि कुठले बदल कुणाकुणात सामायिक आहेत ते मोजतात. पुढे संगणक हजारो संभाव्य झाडं तपासतो आणि बदलांचा हिशोब सर्वात चांगला जुळवणारं झाड शोधतो. शुद्ध अल्गोरिदमचं काम आहे, आणि प्राण्यांची संख्या वाढली की संभाव्य झाडांची संख्या इतकी भयानक वाढते की सगळी तपासणं अशक्य होतं. म्हणून शॉर्टकट वापरावे लागतात.

यातला नाजूक मुद्दा पुन्हा सांगतो, कारण इथेच सगळे घसरतात. नुसतं साम्य असून उपयोग नाही, साम्य *नवं* असायला हवं. पाल आणि मगर दोघांना खवले आहेत, चार पाय आहेत, म्हणून ते जवळचे? नाही. खवले आणि चार पाय हा फार जुना मजकूर आहे, मूळ असाइनमेंटमधला. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. डीएनए आणि हाडं दोन्ही सांगतात की मगरीचे आज जिवंत असलेले सर्वात जवळचे नातेवाईक म्हणजे पक्षी. म्हणजे मगर पालीपेक्षा तुमच्या अंगणातल्या कोंबडीला जवळची आहे! त्याच हिशोबाने घोरपड पालीपेक्षा नागाला जवळची. आणि साप हा सरड्यांहून वेगळा वर्ग नाहीच, सरड्यांच्या झाडावरची ती एक पाय गमावलेली फांदी आहे.

कंसात लिहिलेलं झाड

झाड काढायला कागद लागतो असं नाही. संगणकात ते कंसात लिहितात. या पद्धतीला न्यूइक फॉरमॅट म्हणतात, आणि हे नाव कुठल्या शास्त्रज्ञाचं नसून अमेरिकेतल्या एका हॉटेलचं आहे. १९८६ मध्ये काही जणांनी तिथे जेवायला बसून हा फॉरमॅट पक्का केला. (सॉफ्टवेअरमधले बरेच निर्णय असेच होतात.)

आपल्या सापांचं झाड असं दिसेल:

(मांडूळ, ((घोणस, फुरसे), (कवड्या, (नाग, मण्यार))))

वाचायचं आतून बाहेर. सर्वात आतल्या कंसात जे एकत्र आहेत त्यांचा सामायिक पूर्वज सर्वात अलीकडचा. नाग आणि मण्यार एका कंसात, घोणस आणि फुरसे दुसऱ्या. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजू अदलाबदल केल्या तरी अर्थ बदलत नाही: (नाग, मण्यार) आणि (मण्यार, नाग) एकच. म्हणून यादीत कोण आधी, कोण नंतर, कोण शेजारी बसलंय हे बघायचं नाही. किती कंस ओलांडावे लागतात ते बघायचं. आणि शेवटी लिहिलेला प्राणी "जास्त प्रगत" वगैरे अजिबात नसतो. सगळे आजचे आहेत, सगळ्यांनी सारखाच काळ काढलाय.

आता त्या ओळीत कवड्या कुठे बसलाय बघा. नागाच्या कंसाला लागून. म्हणजे बिनविषारी कवड्या नागाला जवळचा, आणि विषारी घोणस नागापासून लांब. पहिल्यांदा वाचताना हे चुकीचं छापलंय असं वाटतं. पण पुढच्या बाजूचे विषदंत या दोन फांद्यांवर वेगवेगळे तयार झाले आहेत. नाग-मण्यारचे दात आखूड आणि पक्के बसवलेले, घोणस-फुरशाचे लांब आणि तोंड मिटलं की चाकूसारखे दुमडणारे. "विषारी" हा गट आपल्या कामाचा आहे, पण ती झाडाची फांदी नाही.

सारस तीन फोल्डरमधून फिरला

वर्गीकरण म्हणजे फोल्डरच्या आत फोल्डर. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुळ, प्रजातीगट, आणि शेवटी जाती. ही नीटनेटकी पद्धत रुजवली स्वीडनच्या कार्ल लिनियसने, अठराव्या शतकात, डार्विनच्या शंभर वर्षं आधी. साहजिकच त्याचे फोल्डर दिसण्यावरून होते. वंशावळीचा विचारच तेव्हा नव्हता.

याचं सर्वात चांगलं उदाहरण आपल्या गोंदिया जिल्ह्याचंच आहे. धानाच्या बांध्यांत दिसणारा सारस, जवळपास माणसाएवढा उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वात उंच. लिनियसने १७५८ मध्ये त्याला नाव दिलं "आर्डिआ अँटिगोनी". आर्डिआ म्हणजे बगळ्यांचा फोल्डर. लांब पाय, लांब मान, पाण्याकाठी उभा, म्हणजे बगळाच की! नंतर क्रौंचांचा वेगळा फोल्डर झाला, ग्रुस नावाचा, आणि सारस तिकडे गेला. पिढ्यान् पिढ्या पुस्तकांत "ग्रुस अँटिगोनी" छापलं गेलं. मग २०१० मध्ये जगातल्या सगळ्या १५ क्रौंच जातींच्या मायटोकाँड्रियातला डीएनए वाचून झाड काढलं गेलं, आणि लक्षात आलं की ग्रुस हा फोल्डर एक सलग फांदी नाहीच. त्याच्या मधूनच दुसऱ्या फोल्डरमधले पक्षी निघत होते. सारस, ऑस्ट्रेलियाचा ब्रोल्गा, अमेरिकेचा सँडहिल क्रौंच आणि पूर्व आशियातला पांढऱ्या मानेचा क्रौंच हे चौघं वेगळ्या फांदीवर निघाले. त्यांच्यासाठी १८५३ सालचं एक जुनं नाव धूळ झटकून बाहेर काढलं. आता सारस "अँटिगोनी अँटिगोनी".

पक्षी तोच, बांधी तीच, फाइलचा पाथ दोनदा बदलला. जुन्या पुस्तकात आणि ॲपमध्ये वेगळं नाव दिसलं तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. नियम आता असा आहे की फोल्डर बनवायचा तर एका पूर्वजाचे सगळे वंशज त्यात आले पाहिजेत. आणि बगळ्याशी सारसचं खास नातं नाहीच. तळ्यावरची पाणकोंबडी आणि तो काळा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी पक्षी हे त्याच्या गणातले भाऊबंद. आखूड पाय, बुटकं अंग, दिसायला काडीचं साम्य नाही.

मग ॲपने नुसतं "साप" का म्हटलं?

आयनॅचरलिस्टसारखं ॲप फोटोतून शिकलेलं असतं. त्याला वंशावळ दिसत नाही, रंग आणि आकार दिसतात. हललेल्या फोटोवर ते समजा मण्यारला ४५ टक्के आणि कवड्याला ४० टक्के गुण देतं. दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी, मग छातीठोक सांगायचं काय? तेव्हा ॲप झाडावर वर चढतं आणि दोघांना सामावणारी सर्वात खालची फांदी शोधतं. मण्यार आणि कवड्या वेगळ्या कुळांतले, त्यामुळे ती फांदी बरीच वर सापडते, आणि उत्तर येतं "साप". गोंधळ एकाच प्रजातीगटातल्या दोन जातींत असता तर निदान त्या गटाचं नाव आलं असतं. म्हणजे उत्तर किती वर गेलंय त्यावरून गोंधळ कुणाकुणात आहे याचा अंदाज येतो. मला तर हे डिझाइन फार आवडतं. खात्री नसताना तोंडावर एकच नाव फेकणाऱ्या चॅटबॉटपेक्षा हे प्रामाणिक आहे.

त्याच टीमचं सीक हे दुसरं ॲप वापरलंत तर हे थेट दिसतं. कॅमेरा झाडाच्या पानावर धरा आणि जवळ न्या, वरचे ठिपके एकेक करून भरत जातात, सृष्टीपासून जातीपर्यंत. आणि अख्खं झाड चाळायचं असेल तर वनझूम नावाची वेबसाइट आहे, नकाशासारखी दोन बोटांनी झूम करत वीस लाखांहून जास्त जातींपर्यंत जाता येतं. डेटा पॅक बघून उघडा.

चावल्यावर झाड काय कामाचं?

साप चावल्यावर ॲप उघडायचं नाही. साप मारून, पकडून दवाखान्यात न्यायचा नाही. आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायच्या नाहीत, वेळ झाडफुंक करण्यात घालवायचा नाही. हात-पाय हलू न देता, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार लोक गेले असा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक खेड्यातले.

डॉक्टरांना साप बघायची गरज पडत नाही, कारण फांदी लक्षणांतून दिसते. नाग-मण्यारच्या फांदीचं विष मुख्यतः नसांवर काम करतं: पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास मंदावतो. मण्यारचा दंश तर इतका कमी दुखतो की जमिनीवर झोपलेल्याला कळतही नाही, सकाळी पोट दुखतं म्हणून तो उठतो. (मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा, डासांपेक्षा मोठा फायदा हा आहे.) घोणस-फुरशाच्या फांदीचं विष मुख्यतः रक्त बिघडवतं. म्हणून थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर संशय या फांदीवर.

आपल्याकडचं प्रतिविष बनवताना घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचं विष थोडं थोडं टोचतात आणि त्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वेगळी काढतात. दोन फांद्यांवरचे दोन-दोन साप, म्हणून एकच बाटली चौघांवर चालते आणि सापाचं नाव कळेपर्यंत थांबावं लागत नाही. अडचण येते ती या चौघांच्या बाहेर. पूर्व विदर्भात काळे-पिवळे रुंद पट्टे असलेला पट्टेरी मण्यारही सापडतो. झाडावर तो साध्या मण्यारच्या अगदी जवळ, एकाच प्रजातीगटात. पण विष तयार करणारे जीन फार भराभर बदलतात, त्यामुळे भाऊ-भाऊ असले तरी विष सारखंच असेल याची हमी नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये चौघांबाहेरच्या अशा सापांची विषं तपासली, तेव्हा बाजारातली प्रतिविषं त्यांच्यावर बरीच कमी पडताना दिसली. इतकंच काय, एकाच जातीच्या सापाचं विष वेगवेगळ्या प्रदेशांत वेगळं निघतं. म्हणून आता मागणी आहे ती प्रदेशानुसार वेगळ्या प्रतिविषाची, आणि त्यासाठी आधी लागणार आहे ती कुठल्या भागात कुठला साप आहे याची नेमकी नोंद. सुरक्षित अंतरावरून, झूम करून काढलेला आणि ठिकाणासह अपलोड केलेला फोटो तिथे कामाला येतो, मग त्यावर ॲपने नुसतं "साप" लिहिलेलं असलं तरी.