वसईच्या काळ्या दगडाचं चर्च

मराठवाड्यातल्या टेंभुर्णीच्या शिवारात विहीर खोदताना माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. तोच पाषाण पार वसईच्या खाडीपर्यंत पसरलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा दगड, म्हणजेच बेसॉल्ट. म्हणून वसई किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चची हकीकत मराठवाड्याच्या वाचकाला परकी वाटू नये.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे १५४६मध्ये गावाच्या मुख्य धर्मग्रामाचं (पॅरिशचं) हे चर्च उभं राहिलं. दारावरचा शिलालेख सांगतो, की १६०१मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात, पेद्रो गालव्हांव परैरा हे धर्मगुरू असताना त्याची पुनर्बांधणी झाली. आज छप्पर नाही. दर्शनी भाग, त्याला लागून चढलेला उंच मनोरा आणि जाडजूड भिंती मात्र टिकून आहेत. शिलालेखात आर्चबिशप आले, धर्मगुरू आले. पाथरवट आले नाहीत. मला ही उणीव फार लागते, कारण या इमारतीचं सगळं मोठेपण घडीव दगडात आहे.

त्या दगडाला गोव्यातही मागणी होती. गोव्याचा जांभा खाणीतून सहज कापता येतो, पण तो सच्छिद्र. त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. बेसॉल्ट घडवायला कष्ट पडतात, पण एकदा घडवलेली धार तो शतकानुशतकं धरून ठेवतो. त्यामुळे जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकाच्या भिंती जांभ्याच्या झाल्या आणि दर्शनी भागावरच्या कोरीवकामासाठी दगड वसईहून गेला. १५९४ साली सुरू झालेलं ते काम १६०५मध्ये पुरं झालं. म्हणजे इकडे सेंट जोसेफ नव्याने बांधलं जात होतं, त्याच वर्षांत तिकडे वसईच्या पाषाणावर छिन्नी चालत होती. जागतिक वारसा म्हणून आपण बॉम जेझूसचं कौतुक करतो, त्यात वसईचाही मोठा वाटा आहे.

१७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. गावातले पोर्तुगीज निघून गेले, चर्चं ओस पडली, घंटा मराठी मुलखात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरची घंटाही वसईच्या मोहिमेतलीच मानतात.

धर्मग्राम मात्र संपले नाहीत. किल्ल्याबाहेर पापडी, नंदाखाल, निर्मळ इथे ते नांदते राहिले. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीच्या चर्चला कॅथेड्रलचा मान मिळाला. इथली उपासना मराठीत चालते. याच वसईत वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल नव्याने मराठीत आणलं, आणि २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं.