सभाधीटपणा येतो कुठून?

स्नेहसंमेलन असो की विज्ञान प्रदर्शन, चारचौघांत बोलायला उभी राहणारी मुले बहुधा ठरलेली असतात. बाकीच्यांबद्दल आपण म्हणतो, ‘तो काही सभाधीट नाही.’ जणू हा गुण जन्मतःच मिळतो! हे खरे आहे का, जरा तपासून पाहू या.

लोकांसमोर उभे राहिल्यावर शरीरात काय होते? मेंदूला धोका जाणवतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. छातीत धडधडते, तळहातांना घाम येतो, तोंडाला कोरड पडते, हातातला कागद थरथरतो. झुंजण्याची किंवा पळून जाण्याची तयारी करणारी ही फार जुनी यंत्रणा आहे. समोर वाघ नसून पाचवीचा वर्ग आहे, हे तिला कळत नाही. सराईत कलावंतांनाही ही धडधड चुकत नाही. म्हणजे धडधडणे हे अंगी गुण नसल्याचे लक्षण नव्हे.

मग प्रेक्षकांमुळे काम सुधारते की बिघडते? दोन्ही घडते. १९६५ साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने याचा उलगडा मांडला. इतरांच्या उपस्थितीने आपण उत्तेजित होतो आणि अशा वेळी जी कृती सर्वांत अंगवळणी पडलेली असते, तीच जोराने बाहेर येते. १९६९ साली त्याने व सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर पाहिले. झुरळे उजेडापासून पळतात. बाजूच्या पारदर्शक खोक्यांत ‘प्रेक्षक’ झुरळे ठेवली, तेव्हा सरळ मार्गावरून ती अधिक वेगाने पळाली. पण वळण घ्यावे लागणाऱ्या मार्गावर त्यांना जास्त वेळ लागला.

आपल्यासाठी याचा अर्थ असा, की मुरलेली गोष्ट प्रेक्षकांसमोर खुलते, तर कच्ची आणखी कोलमडते. ‘एकदा ढकला व्यासपीठावर, आपोआप भीड चेपेल’ हा उपाय म्हणूनच अनेकदा उलटतो. त्या मुलाच्या मनात मुरते ती फजिती.

त्यापेक्षा पायऱ्या करू या. बाटलीच्या तोंडावर फुगा बसवून ती गरम पाण्यात ठेवायची आणि फुगा का फुगतो ते सांगायचे, एवढाच विषय घ्या. हाताला काम मिळते, बघणाऱ्यांची नजरही फुग्यावर राहते. आधी शेजारच्या मित्राला, मग चौघांच्या गटाला, मग वर्गाला आणि शेवटी शाळेला सांगायचे. सराव मनातल्या मनात नको. उभे राहून, मोठ्याने हवा. सगळे भाषण घोकण्याऐवजी मुद्दे लक्षात ठेवावेत. पहिली दोन वाक्ये मात्र पक्की असावीत. मध्येच अडखळले तर आपण थांबावे, वाक्य पुरे करून देऊ नये.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. आपली घबराट सगळ्यांना दिसते आहे असे बोलणाऱ्याला वाटते, पण ती तेवढी दिसत नाही. साविट्स्की आणि गिलोविच यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्या विद्यार्थ्यांना हे आधीच समजावून सांगितले, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली.

हे वर्गातही करून पाहता येईल. बोलून झाल्यावर ‘मी किती घाबरलेला दिसलो?’ याला वक्त्याने दहापैकी गुण द्यावेत. ऐकणाऱ्यांनी आपापले गुण चिठ्ठीवर नाव न घालता लिहावेत. मग दोन्ही आकडे ताडून पाहावेत. सक्ती कुणावरही नको, आणि पहिली पाळी आपण शिक्षकांनीच घ्यावी.

सभाधीटपणा असा पायरीपायरीने येतो. प्रश्न उरतो तो एवढाच, की पहिल्या पायरीवर आपण किती मुलांना उभे करतो.