पडदा आपला, नोंद दोघांची

सरकारी परवाना घेऊन, पैशाच्या लोभाने नव्हे तर केवळ जिज्ञासेने, बिनतारी लहरींवर दूरदूरच्या समानशील माणसांशी संपर्क साधणारा मनुष्य म्हणजे हौशी रेडिओचालक, अर्थात ‘हॅम’. एकेकाळी त्याच्या मेजावर मोर्सची कळ, कानांस लावावयाचा हेडफोन आणि जाड बांधणीची नोंदवही एवढाच सरंजाम असे. आज तेथे संगणक येऊन बसला आहे. संदेश धाडणे, आलेला संदेश उलगडणे आणि झालेल्या संपर्काची नोंद ठेवणे, ही तिन्ही कामे एकच प्रोग्राम करतो. या प्रोग्रामची मांडणी आपल्या सोयीप्रमाणे कशी करावी आणि ती करताना कोठे थांबावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

उदाहरणासाठी आम्ही ‘डब्ल्यूएसजेटी-एक्स’ हा प्रोग्राम घेतो. युग्म-पल्सारच्या शोधाबद्दल १९९३ साली नोबेल पारितोषिकाचे वाटेकरी झालेले जोसेफ टेलर हे याचे मूळ कर्ते. २०१७ साली त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी यात ‘एफटी-८’ ही पद्धती आणली. या पद्धतीत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात. एका पाळीत आपण पाठवावयाचे, दुसरीत ऐकावयाचे. कानाला नुसती खरखर ऐकू येत असतानाही संगणक तीतून संदेश वेचून काढतो. अल्प शक्तीच्या यंत्रानेही सातासमुद्रापलीकडे संपर्क होतो, तो यामुळेच.

आता पेढीचा दृष्टांत घेऊ. गादी कोठे घालावी, लोड कोणत्या बाजूस ठेवावा, समई किती मोठी असावी, हा सर्वस्वी पेढीच्या मालकाचा प्रश्न आहे. कीर्दीची गोष्ट मात्र तशी नाही. आपल्या कीर्दीत ज्याचे नाव जमेस आहे, त्याच्या कीर्दीत आपले नाव खर्ची पडलेले असते आणि दोन्ही वह्यांचा मेळ बसावा लागतो. आमच्या प्रोग्रामच्या सेटिंगांतही असेच दोन वर्ग आहेत.

पहिला वर्ग गादी-लोडांचा. अक्षर लहान वाटत असेल तर मोठे करावे. दोन पाळ्यांमध्ये कोरी ओळ सोडण्याची सोय आहे. तिने डोळ्यांस विसावा मिळतो. रंगही बदलता येतात. मुळात, कोणी सर्वांस उद्देशून हाक घालत असेल तर ती ओळ हिरवी, आपल्याला उद्देशून कोणी बोलले तर तांबडी आणि आपण पाठवलेली पिवळी दिसते. ज्यांस तांबड्या-हिरव्यातील भेद नीट दिसत नाही, त्यांनी निळा वा अन्य कोणताही रंग खुशाल निवडावा. यात चूक झालीच तर त्रास आपल्यापुरता.

परंतु याच रंगांत एक मख्खी आहे. एखादा देश आपल्याला नवीन असला की प्रोग्राम ती ओळ वेगळ्या रंगात दाखवतो. ‘नवीन’ हे तो कशावरून ठरवतो? आपल्याच नोंदींच्या फाईलवरून! संगणक बदलताना ती फाईल मागे राहिली, तर वर्षानुवर्षांचे परिचितही अनोळखी म्हणून रंगू लागतात. तेव्हा पडद्याचा खरेपणासुद्धा अखेर कीर्दीवरच उभा आहे.

या दुसऱ्या वर्गाकडे वळू. नोंदीत समोरच्याची कॉलसाइन, तारीख, वेळ, लहरींचा पट्टा, पद्धती आणि संदेश किती जोराचा आला याचे माप, एवढ्या गोष्टी येतात. वेळ जगभर एकच, म्हणजे ‘यूटीसी’, धरतात. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. २ एप्रिलच्या पहाटे अडीच वाजता येथून झालेला संपर्क १ एप्रिलच्या रात्री ९ वाजताचा म्हणून नोंदला गेला पाहिजे.

प्रोग्राम हे गणित स्वतःच करतो. मात्र संगणकात देशाचा कालविभाग बरोबर लावलेला हवा. घड्याळ सेकंदभराहून अधिक चुकले तर संदेश उलगडणे बिघडू लागते आणि दोष तत्काळ ध्यानात येतो. पण घड्याळ दिसावयास बरोबर आणि कालविभाग लंडनचा, असे झाले तर? पंधरा सेकंदांच्या पाळ्या बिनचूक जुळतात, संपर्क झकास होतात आणि प्रत्येक नोंद मात्र कित्येक तासांनी खोटी पडते. हा दोष म्हणूनच अधिक घातक होय.

पट्ट्याचेही तसेच. रेडिओ आणि संगणक तारेने जोडून दोघांचे बोलणे सुरू केले असेल, तर रेडिओचा पट्टा बदलताच नोंदीतही बदलतो. ती जोडणी नसेल आणि आपण हाताने रेडिओ फिरवला, तर प्रोग्राम जुनाच पट्टा लिहीत बसतो.

याने बिघडते काय? अमेरिकेतील हौशी रेडिओ संघटनेने २००३ साली ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ नावाची व्यवस्था सुरू केली. दोन्ही बाजूंनी आपापल्या नोंदी तेथे धाडावयाच्या. कॉलसाइन, पट्टा आणि पद्धती जुळली आणि वेळेत तीस मिनिटांहून अधिक अंतर नसले, तरच संपर्क पक्का. शंभर देश-प्रदेशांशी झालेले संपर्क असे पक्के केल्यावर ‘डीएक्ससीसी’ हा मानाचा पुरस्कार मिळतो. आता फिनलंडमधील एखाद्या गृहस्थाला भारताचा पहिलाच संपर्क आपल्याकडून मिळाला असे समजा. त्याची नोंद चोख आहे. तरीही आपल्या साडेपाच तासांच्या चुकीपायी त्याच्या खात्यात भारत येत नाही. दंड चुकणाऱ्यास नाही, तर निर्दोष माणसास होतो!

म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. संपर्क संपताच नोंदीची खिडकी आपोआप उघडेल असे सेटिंग ठेवावे आणि मजकूर वाचूनच मान्यता द्यावी. न विचारता नोंद करण्याची सोय आहे, पण ती स्पर्धांसाठी. त्या खिडकीत शक्तीचा आकडा मागील संपर्कावरून तसाच राहू देता येतो. शक्ती बदलली असेल तर तो सुधारावा. कालविभाग आणि पट्टा कामास बसतानाच पाहावा. आणि नोंदींच्या फाईलची प्रत अन्यत्र ठेवावी. ही फाईल ‘एडीआयएफ’ या १९९६ सालापासून चालत आलेल्या सामाईक स्वरूपात असते. साधा मजकूरच तो. म्हणून प्रोग्राम बदलला तरी जुनी कीर्द नव्या पेढीवर वाचता येते.

आपल्याकडील १९७८ च्या नियमांनीही परवानाधारकावर नोंदवहीची जबाबदारी टाकली होती. परंतु नियमाच्या धाकाहून मोठे कारण वर आलेच आहे. पडद्याचे रंग आपण हवे तसे रंगवावेत. नोंदीच्या दुसऱ्या टोकाला मात्र एक माणूस बसलेला आहे. त्याने आपल्याला कधी पाहिलेले नाही, आणि तरीही आपण खरे तेच लिहू, असा विश्वास धरूनच त्याने हाकेला ओ दिलेली असते.