पडद्यामागचा उजेड

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकात कविता लिहावी, फार तर एखादी लघुकथा लिहावी, असा आपल्याकडे संकेत आहे. मी मात्र टीव्हीच्या पडद्यामागील उजेडाविषयी लिहिणार आहे. शिक्षणासाठी मी तालुक्याच्या गावी मामांकडे राहते. मामांचे टीव्ही दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. कॉलेज सुटल्यावर मी तेथे बसते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे अडले की आधी मामांना विचारायचे, त्यांनाही ठाऊक नसले तर ग्रंथालय गाठायचे, अशी सवय लागली आहे. हा लेख त्या सवयीचे फळ होय.

एके संध्याकाळी एक टीव्ही दुरुस्तीला आला. आवाज खणखणीत, पडदा काळाकुट्ट. "पडदाच गेला वाटतं," मी म्हणाले. मामांनी दुकानातला दिवा मालवला आणि बॅटरीचा झोत पडद्यावर तिरका टाकला. त्या उजेडाच्या गोलात बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा अंधुक दिसू लागला! "चित्र शाबूत आहे गं. मागचा उजेड मेलाय," मामा म्हणाले.

एलसीडी पडदा स्वतः प्रकाशत नाही, हे मला त्या दिवशी कळले. एलसीडी म्हणजे द्रव स्फटिकांचा पडदा. १८८८ साली फ्रीडरिश राइनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ तापवताना नवल दिसले. तो १४५.५ अंश सेल्सियसला वितळून गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो द्रव स्वच्छ झाला. मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहत होता, पण त्याच्या रेणूंत स्फटिकासारखी शिस्त होती. असे द्रव स्फटिक दोन ध्रुवक पटलांच्या मध्ये ठेवून विजेचा दाब बदलला, की रेणू वळतात आणि प्रकाश कमी-अधिक जाऊ देतात. थोडक्यात, पडद्यावरील प्रत्येक बिंदू म्हणजे एक सूक्ष्म झडप होय. झडप उजेड अडवील. निर्माण करणार नाही. साधे कॅल्क्युलेटर बाहेरच्या उजेडावर भागवते. टीव्हीला मात्र मागे दिवे लागतात. त्यातही ध्रुवक आणि रंगीत गाळण्या बहुतेक प्रकाश गिळून टाकतात. समोर येतो तो साधारणतः दहावा हिस्साही नसतो. तेव्हा मागचा उजेड भरपूर हवा आणि सर्वत्र सारखा हवा. पहिली अट दिवे वाढवून भागते. दुसरीच खरी अवघड.

पूर्वी पडद्यामागे पाऱ्याची वाफ भरलेल्या बारीक नळ्या असत. पुढे पांढऱ्या एलईडी आल्या. काही टीव्हींत एलईडीच्या पट्ट्या थेट पडद्याच्या पाठीमागे असतात. प्रत्येक एलईडीवर उजेड बाजूंना फाकवणारे छोटे भिंग चिकटवलेले असते आणि काही अंतर सोडून पुढे दुधी पत्रा असतो. उष्णतेने चिकटवण सुटून भिंग गळून पडले, की पडद्यावर पांढराफेक गोल दिसतो. मामा त्याला "चंद्र उगवला" म्हणतात. पट्टीतील एलईडी माळेसारख्या जोडलेल्या असल्याने एक तुटली तर सगळी माळ विझू शकते. आमच्याकडे आलेल्या टीव्हीचे तेच झाले होते. मामांनी मात्र सगळ्याच पट्ट्या बदलल्या. जुन्या-नव्या पट्ट्यांचा उजेड जुळत नाही आणि पडद्यावर पट्टे उमटतात, असा त्यांचा अनुभव.

लॅपटॉपसारख्या सडपातळ पडद्यात असे अंतर सोडायला जागाच नसते. तेथे दिवे एका कडेला असतात आणि तरीही समोरची कडा तितकीच उजळते. हे मला कोडे होते. मामांनी भंगारातून एका पडद्यातील ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी काढून माझ्या हाती दिली. "बघ, यातच आहे सगळं," एवढेच म्हणाले.

विहिरीत बुडी मारून वर तिरके पाहिले, तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. पाटीतही तसेच घडते. कडेने आत शिरलेला प्रकाश पृष्ठभागावर फार तिरका आपटला, तर बाहेर न पडता आत परततो आणि उड्या घेत पुढे जातो. त्याला बाहेर काढण्यासाठी पाटीच्या पाठीवर बारीक पांढरे ठिपके छापलेले असतात. प्रकाश ठिपक्यावर आदळला, की विखुरतो आणि बाहेर पडतो. मागे गेलेला उजेड तेथला पांढरा पत्रा पुन्हा पुढे धाडतो.

ती पाटी मी खिडकीशी धरून पाहिली. दिव्याकडच्या कडेला ठिपके लहान आणि विरळ होते. जसजसे दूर जावे, तसतसे मोठे आणि दाट. असे का? सोयीसाठी पाटीचे १० सारखे पट्टे कल्पू आणि १०० भाग प्रकाश आत सोडू. ठिपके सगळीकडे सारखे असून प्रत्येक पट्टा आलेल्या प्रकाशाचा पाचवा हिस्सा बाहेर काढतो असे धरले, तर पहिल्या पट्ट्याला २० भाग मिळतात, दुसऱ्याला १६, आणि दहाव्याला जेमतेम पावणेतीन! प्रत्येकाला १० भागच द्यायचे असतील, तर पहिल्याने आलेल्या प्रकाशाचा दहावा हिस्साच काढावा, नवव्याने निम्मा आणि शेवटच्याने उरेल तो सगळा. म्हणून दूरचे ठिपके दाट.

रात्री अंधारात मी पाटीच्या विरळ कडेला बॅटरी लावली. पाटी एकसारखी उजळली. मग दाट कडेने उजेड सोडून पाहिला. जवळचा भाग डोळे दिपवू लागला आणि लांबचा अंधारात राहिला. पाटी तीच, बॅटरी तीच!

पाटीपुढे दुधी पत्रा असतो. तो ठिपक्यांची नक्षी पुसून टाकतो. त्यापुढच्या पत्र्यावर सरी-वरंब्यासारख्या अतिसूक्ष्म रेषा असतात. त्या भलतीकडे जाणारा उजेड पाहणाऱ्याकडे वळवतात. पडद्यावर ९ ठिकाणी तेज मोजून सर्वांत कमी तेजाला सर्वांत जास्त तेजाने भागण्याची एक रीत आहे. कमाल २५० आणि किमान २०० आले, तर समानता ८० टक्के. मामांकडे मापक नाही. ते पूर्ण पांढरे चित्र लावून लांबून पाहतात. आपला डोळा हळूहळू उतरणारा उजेड सहज माफ करतो. एकदम बदलणारा मात्र त्याला लगेच खुपतो.

हे सारे समजून घेताना मला आमचे शेत आठवत होते. ते चारीच्या अगदी टेलला आहे. दारे सगळ्यांची सारख्या मापाची, म्हणून वाटणी सारखी, असे कागदावर दिसते. पण वरची शेते भिजून पाणी आमच्यापर्यंत येईतो पाट ओला होण्यापुरतेच उरते. पाळी टेलकडून सुरू करावी, असे जाणती माणसे का म्हणतात, ते मला या पाटीने शिकवले. पोहोचणे सारखे हवे असेल, तर वाटा सोडताना जवळचा कोण आणि लांबचा कोण, हे आधी पाहावे लागते.

सुट्टीत घरी गेले तेव्हा ती पाटी सोबत नेली आणि वडिलांना दोन्ही कडांनी उजेड लावून दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ही आमच्या पाटकऱ्याला दाखव गं एकदा."