आपला संघ म्हणजे कोण?

दर चार वर्षांनी आपल्या घरांतून एक लुटुपुटूचं भांडण होतं. मुलं रात्र-रात्र जागतात, कुणी अर्जेंटिनाची निळी-पांढरी, कुणी पोर्तुगालची लाल जर्सी घालून आरडाओरडा करतं, आणि कुणाचे तरी आजोबा विचारतात, "अरे, तुमचा काय संबंध त्यांच्याशी? आपला भारताचा संघ कुठाय?" नातू शांतपणे सांगतो, "आजोबा, विश्वचषकात भारत आहेच कुठे?" यावर आजोबांकडे उत्तर नसतं. २०२६ च्या विश्वचषकात संघांची संख्या ३२ वरून ४८ झाली, तरी त्यात भारत नाही.

भांडण घरगुती असलं तरी त्यामागचा प्रश्न मोठा आहे. आपण कोणत्या संघासाठी ओरडतो, यावरून आपलं देशावरचं प्रेम मोजता येतं का? ब्रिटनमधले नेते नॉर्मन टेबिट यांना १९९० मध्ये तसं वाटलं होतं. भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडिजमधून येऊन ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली माणसं क्रिकेटमध्ये इंग्लंडच्या बाजूने असतात की मूळ देशाच्या, हे पाहावं, असं त्यांनी सुचवलं. या मोजपट्टीला 'क्रिकेट टेस्ट' असं नावच पडलं आणि त्यावर बराच गदारोळ झाला. आपल्यापैकी ज्यांचे काका-मावश्या तिकडे आहेत, त्यांनी याबद्दल ऐकलं असेल. त्याचीच छोटी आवृत्ती बेंगळूरमधल्या आपल्या मुलांनाही भेटते. आयपीएल सुरू झालं की वर्गात कुणीतरी विचारतंच, "राहतोस बेंगळूरला आणि मुंबई इंडियन्स कसं काय?"

परक्या जर्सीबद्दल मला स्वतःला कधी चिंता वाटली नाही. २०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी केरळमधल्या कोळिकोड जिल्ह्यात, पुल्लावूर गावच्या लोकांनी नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांचे उंचच उंच कटआउट उभे केले होते. त्यांची छायाचित्रं जगभर फिरली. त्या गावकऱ्यांना कुणी अर्जेंटिनाचे नागरिक समजलं नाही. गोव्यात मात्र हाच विषय थोडा नाजूक होतो. डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा बसवला, तेव्हा काही लोकांनी काळे झेंडे दाखवले. गोवा मुक्त होऊन साठ वर्षं पुरी झाल्याच्या महिन्यातच पोर्तुगालच्या खेळाडूचा पुतळा कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पुतळा बसवणाऱ्यांचं म्हणणं होतं की मुलांना फुटबॉलची प्रेरणा मिळावी, एवढाच हेतू आहे. दोन्ही बाजूंची माणसं गोव्याचीच आणि भारताचीच होती. खेळाडूवर जीव जडतो तो त्याच्या खेळावर. त्यासाठी कुणाचा पासपोर्ट तपासायची गरज नाही.

मग देशाच्या संघाचा आणि देशप्रेमाचा संबंध नेमका कुठे येतो? मला याचं उत्तर सापडायला लागलं ते कुळगीत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही काही कुटुंबं मिळून कुळगीला गेलो होतो. कुळगी म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातलं, दांडेलीहून दहा-बारा किलोमीटरवरचं छोटंसं गाव. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या या जंगलात वनखात्याचा निसर्ग शिबिराचा तळ आहे, झाडांखाली तंबू आहेत. जोयडा म्हणजे जुना सुपा तालुका. सुपा, हल्याळ, कारवार ही नावं आपल्या घरांत सीमाप्रश्नाच्या बोलण्यात नेहमी येतात, त्यामुळे मुलांना ती ऐकून माहीत होती. प्रत्यक्ष तिथे गेल्यावर त्यांना दिसलं ते वेगळंच. गावातली मुलं आपसांत कोंकणी बोलत होती, वनरक्षकाशी कन्नड आणि आमच्याशी मराठी, आणि यात त्यांना काहीच अवघड वाटत नव्हतं.

संध्याकाळी आमच्या मुलांनी चेंडू काढला आणि मोकळ्या जागेत सामना सुरू झाला. समोरच्या संघात एक सिद्दी मुलगा होता. कुळगीत कामाला असलेल्या आपल्या भावाकडे तो आला होता. काळासावळा, कुरळ्या केसांचा आणि भलताच चपळ. त्याने दोन गोल केल्यावर आमच्यातल्या एकाने कौतुकाने विचारलं, "तू कुठल्या देशाचा रे?"

"हांगाचोच," तो म्हणाला. मग मराठीत, "इथलाच. हल्याळचा."

"नाही, म्हणजे मूळचा?"

"मूळचा पण हल्याळचाच. तू कुठला?"

आमचा पठ्ठ्या अडखळला. "मी बेंगळूरचा. म्हणजे आम्ही मूळचे साताऱ्याचे. पण मी तिथे राहिलो नाही कधी." सगळे हसले आणि खेळ पुढे सुरू झाला. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ज्याच्या कित्येक पिढ्या याच जंगलात गेल्या त्याला देश विचारला गेला, आणि ज्याला स्वतःचं गाव नीट सांगता येईना त्याला तो कुणीच विचारला नाही. फरक फक्त चेहऱ्याचा होता.

रात्री शेकोटीशी मुलांनी सिद्दींबद्दल विचारलं. सिद्दींचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले. अरब व्यापाऱ्यांनी आणि पोर्तुगीजांनी त्यांना गुलाम म्हणून आणलं, काही जण सैनिक म्हणून आले. गोव्यातून निसटलेल्या कित्येकांनी याच जंगलांचा आसरा घेतला. आज हल्याळ, यल्लापूर, अंकोला, जोयडा या भागांत त्यांच्या वस्त्या आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. महाराष्ट्रालाही हे नाव नवं नाही. जंजिऱ्याचे सिद्दी आपण इतिहासात शिकतो, आणि खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबरही आफ्रिकेतूनच आलेला होता.

देशाच्या क्रीडा खात्याला सिद्दींची आठवण झाली ती १९८७ मध्ये. तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मार्गारेट अल्वा यांच्या पुढाकाराने भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांना निवडून धावण्या-उड्यांच्या खेळांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. या मुलांमधून ऑलिम्पिकची पदकं मिळतील, अशी आशा होती. काहींनी राष्ट्रीय पातळीवर चमक दाखवलीही. पण काही वर्षांतच योजना बंद पडली आणि मुलं घरी परतली. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडलं. पदकाची आशा असेपर्यंत ती मुलं 'आपली' होती. नंतर रस्त्यात भेटणाऱ्यांनी त्यांना पुन्हा "कुठल्या देशाचे?" असं विचारायला सुरुवात केली.

असं इतरत्रही घडतं. २०१४ मध्ये जर्मनीला विश्वचषक जिंकून देणाऱ्यांपैकी मेसुत ओझिलने २०१८ मध्ये राष्ट्रीय संघ सोडला. जिंकलो की मी जर्मन असतो आणि हरलो की स्थलांतरित, अशा अर्थाची त्याची तक्रार होती. जुलै २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी वाया गेल्या. त्याच रात्री त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला.

आता आपल्या संघाकडे पाहू या. स्वतंत्र भारताचा पहिला फुटबॉल कर्णधार कोण, हा प्रश्न प्रश्नमंजूषेत घालून बघा. उत्तर आहे टी. आओ. हा नागा टेकड्यांमधला, डॉक्टरकी शिकणारा तरुण. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याच्या संघातले बहुतेक जण अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून जेमतेम १-२ ने हरले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवताना तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मूळचा गोव्यातल्या आसगावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं! त्या वर्षी भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताने सुवर्णपदक जिंकलं. त्या संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार बंगालचा चुनी गोस्वामी, डोक्याला टाके असताना गोल करणारा पंजाबचा जर्नेल सिंग, आणि मधल्या फळीत कोलवाळ गावचा फॉर्चुनातो फ्रँको. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते.

२०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. भारताच्या २१ जणांपैकी आठ मणिपूरचे होते. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल त्यांच्यातल्याच जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध केला. त्याच संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ असलेल्या गावातून आलेला आपला मुलगा आणि मणिपूरचा जॅक्सन एकाच जर्सीत.

आणि तरीही मणिपूर-मिझोरामच्या मुलांना आपल्या शहरांत काय ऐकावं लागतं, हे तुम्ही कॉलेजात पाहता. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा पसरल्या आणि ईशान्येकडच्या हजारो लोकांनी भीतीपोटी बेंगळूर सोडलं. गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. ही पळापळ सुरू झाली ती नेमकी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास. टीव्हीवर ज्याच्या गोलला आपण टाळ्या वाजवतो, त्याच्याचसारख्या चेहऱ्याच्या मुलाला आपल्या शहरात परकं वाटावं, हे मला परक्या जर्सीपेक्षा फार जास्त टोचतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ ने हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची आपली वाट बंद झाली. भारताचा गोल मिझोरामच्या छांगतेचा. सिंगापूरचे दोन्ही गोल सोंग उइ-यंगचे. तो जन्माने दक्षिण कोरियाचा, पण सिंगापूरचं नागरिकत्व घेऊन तिथला झालेला. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलाला इथे खेळायचं तर तिकडचा पासपोर्ट सोडावा लागतो. पुण्याच्या क्लबकडून खेळलेल्या, जपानमध्ये जन्मलेल्या इझुमी अराताने तो सोडला आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. बेंगळूर एफसीच्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं. त्याच्या आईचा जन्म मुंबईचा. एवढं सोडून येणाऱ्याला आपण निदान "हा खरा भारतीय का?" असं विचारू नये.

मला वाटतं, देशप्रेम मोजायचंच तर ते इथे मोजावं. भारताची जर्सी घातलेल्या प्रत्येकाला आपण आपला मानतो का, तो हरल्यावरही? ती जर्सी कधीच न मिळालेल्या, पण याच मातीत वाढलेल्या मुलालाही आपला मानतो का? मेस्सीवर प्रेम करा, हवं तेवढं करा. त्याला जगभर चाहते आहेत, आपण एका रात्री झोपलो तर त्याचं काही अडणार नाही. भारताच्या संघाला मात्र आपल्याशिवाय कुणी नाही.

याचा दाखला मुंबईनेच दिला आहे. १ जून २०१८ ला अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि ते पाहायला जेमतेम अडीच हजार लोक होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एका चित्रफितीतून कळकळीने सांगितलं की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना हा त्याचा शंभरावा. तिकिटं संपली, मैदान भरलं, पाऊस कोसळत असतानाही लोक बसून राहिले आणि भारत ३-० ने जिंकला. बोलावल्यावर लोक येतात, हे त्या दिवशी दिसलं.

आपल्या महिला संघाचं तर अजून कमी बोललं जातं. ५ जुलै २०२५ ला त्यांनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बास्फोरचे. आपल्या घरातल्या किती मुलींना हे नाव माहीत आहे?

तेव्हा माझी एक सूचना आहे. भारताचा पुढचा सामना कंठीरवावर किंवा फातोर्ड्याला ठरला की मंडळाची एक बस काढू या. अर्जेंटिनाची जर्सी घालून येणाऱ्यालाही जागा मिळेल. अट एकच. बसमध्ये चढण्याआधी भारताच्या अकराही खेळाडूंची नावं आणि त्यांची गावं न अडखळता सांगायची. आजोबांनाही सूट नाही.