दगडावरचे दोन जादा पूर्वज

केसरखान आणि हसन. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतल्या संस्कृत शिलालेखात ही दोन नावं राजवंशात मानाने बसली आहेत. खानदेशच्या फारुकी सुलतानांची यादी मात्र वरून खाली कितीही वेळा वाचा, दोघेही सापडत नाहीत. लेख शके १५११चा. मशीद बांधणाऱ्या आदिलशाहाचा, म्हणजे राजा अलीखानाचा. स्वतःचे पूर्वज तो चुकेल कसा?

यादी आणि लेख शेजारी ठेवले की गोंधळ वाढतो. मलिक राजा, मग त्याचा मुलगा गजनी म्हणजे नसीरखान, इथवर दोन्ही जुळतात. पुढे लेखातून पाच सुलतान एका दमात गायब! त्यांच्या जागी केसरखान, त्याचा मुलगा हसन आणि हसनचा मुलगा आदिलशाह, राजा अलीखानाचा आजा.

उत्तर धुळे जिल्ह्यात, तापीकाठच्या थाळनेरला मिळतं. १५०८मध्ये खानदेशचा सुलतान दाऊदखान वारला. त्याचा मुलगा गझनीखान गादीवर बसला आणि काही दिवसांतच विषप्रयोगाने गेला. मागे वारस नाही. आता दावेदार दोन, आणि दोघांचंही नाव आलमखान! एकाच्या पाठीशी अहमदनगरचा निजामशाह, दुसऱ्याच्या पाठीशी गुजरातचा महमूद बेगडा. बेगड्याचा आलमखान त्याच्या मुलीचा मुलगा होता. बेगडा फौज घेऊन थेट थाळनेरला आला आणि १५०९मध्ये नातवाला गादीवर बसवून परतला. हाच तो आदिलशाह, हसनचा मुलगा, केसरखानाचा नातू. बाप आणि आजा कधी राज्यावर नव्हतेच, पण नसीरखानाशी नातं जोडायला त्यांच्याशिवाय दुवा नव्हता.

म्हणजे लेख खोटा नाही. तो राजांची यादी देत नाही, बापामागे मुलगा एवढंच सांगतो. आणि त्यात फार सोय होती, असं मला वाटतं. राजा अलीखानाचा बाप मुबारक याच्या थोरल्या भावामागे त्या भावाचा अल्पवयीन मुलगा गादीवर आला होता. त्याला बाजूला सारून मुबारक सुलतान झाला. पुढे राजा अलीखानानेही पुतण्याला, म्हणजे भाऊ मुहम्मदशाहाच्या हसन नावाच्या लहानग्या मुलाला, असंच हटवलं. वंशावळ सरळ रेषेत उतरवली की काका-पुतणे आपोआप बाहेर पडतात.

घरच्याच माणसाला हटवायची घराण्याची ही खोड पहिल्या पिढीपासूनची. मलिक राजाने थोरल्या नसीरला धुळ्याजवळचं लळिंग दिलं, धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. वाटणी टिकली नाही. १४१७मध्ये नसीरने माळव्याची मदत घेऊन भावाचं थाळनेर काढून घेतलं.

पुढे या भांडणावर उपाय निघाला तो तुरुंगाचा. गादीच्या सर्वांत जवळचे सात राजपुत्र अशीरगडावर कोंडलेले असायचे आणि बोलावणं येईल तोच बाहेर पडायचा, असं जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात आहे. राजा अलीखानाचा मुलगा बहादूर गडावरच्या कैदेतूनच १५९७मध्ये गादीवर आला. १६०१मध्ये अशीरगड अकबराच्या हाती गेला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली.