वृक्ष, प्रकाश आणि वीतभर कागद

निसर्गचित्र काढणे हे चित्रकलेतील सर्वांत सोपे काम, असा एक समज सर्वत्र आढळतो. माणसाचे चित्र काढताना नाक थोडे वाकडे झाले तर लहान मूलदेखील चूक दाखविते. झाडाची एखादी फांदी इकडची तिकडे गेली तर झाड काही तक्रार करीत नाही. म्हणूनच हौशी मनुष्य रंगपेटी घेऊन प्रथम झाडासमोर बसतो, आणि तास-दीड तासाने कागदाकडे पाहून हिरमुसतो. समोर आंब्याचा डेरेदार वृक्ष उभा असतो. कागदावर मात्र काठीला अडकविलेला हिरवा बोळा दिसतो. फांद्या बहुधा बरोबर आलेल्या असतात. चुकलेला असतो तो प्रकाश.

याचे कारण हातात नसून डोळ्यांत आहे. पान हिरवे, बुंधा तपकिरी आणि आकाश निळे ही बालपणी पाठ झालेली उत्तरे होत. चित्र काढू लागताच ती पुढे सरसावतात, आणि जे दिसते त्याऐवजी जे ठाऊक आहे तेच कागदावर उतरते. वस्तुतः सकाळच्या उन्हात त्याच आंब्याकडे पाहावे. सूर्याकडे तोंड केलेली तुळतुळीत पाने आकाशाचे प्रतिबिंब घेऊन निळसर पांढरी चमकतात. ज्या पानांच्या पाठीमागून ऊन येते ती पिवळ्या रंगाने पेटल्यासारखी दिसतात. पर्णभाराच्या पोटातील काळोख जांभळट असतो, आणि खालच्या फांद्यांवर जमिनीवरून परतलेल्या उजेडाची छटा असते. कोकणच्या तांबड्या मातीत ती तांबूस होते. बुंधा तर बहुतेक वेळा करडाच असतो. एका झाडावर एका क्षणी इतके रंग नांदत असतात, आणि त्यांतील एकही रंगपेटीतील तयार हिरव्याशी तंतोतंत जुळत नाही.

हे पाहण्याचे शिक्षण देण्याची एक शिस्तबद्ध रीत युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. पिअर-आंरी द व्हालांसिएन (१७५०-१८१९) या फ्रेंच चित्रकाराने इटलीत असताना उघड्यावर बसून लहान कागदांवर तैलरंगांत पुष्कळ अभ्यासचित्रे केली. रोममधील एकच छप्पर त्याने एकदा उन्हात आणि एकदा सावलीत रंगविले. पुढे १८००च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने विद्यार्थ्यांना असा दंडक घालून दिला, की असा अभ्यास दोन तासांपेक्षा अधिक लांबवू नये, आणि सूर्योदयाचा वा सूर्यास्ताचा असेल तर अर्ध्या तासातच आटोपावा.

या दंडकामागे साधे गणित आहे. सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर असताना झाडाची सावली त्याच्या उंचीच्या सुमारे पावणेचारपट असते. तो ३० अंशांवर आला की ती सुमारे पावणेदोनपट उरते. भारताच्या बहुतेक भागांत एवढ्या बदलास साधारण एक ते दीड तास लागतो. म्हणजे जो चित्रकार चार तास एकाच चित्रावर बसला, त्याने एका चित्रात अनेक वेळांच्या सावल्या एकत्र केल्या असे होते. अशा चित्रातील प्रत्येक भाग वेगळा पाहिला तर खरा वाटतो, आणि एकत्र पाहिला तर खोटा!

व्हालांसिएनच्या शिष्यांकडे कामी कोरो शिकला. १८२५ ते १८२८ या काळात इटलीत त्याने जी लहान अभ्यासचित्रे केली, त्यांत १८२६ मधील नार्नीच्या पुलाचे चित्र प्रसिद्ध आहे. त्याच विषयावर त्याने कार्यशाळेत मोठे चित्र रंगवून पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले. पण आजच्या अनेक रसिकांना त्या लहान चित्रातील ऊनच अधिक ताजे वाटते. इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबलने १८२१ आणि १८२२ या वर्षी लंडनजवळील हॅम्पस्टेड येथे ढगांचे शेकडा मोजावेत इतके अभ्यास केले, आणि कित्येकांच्या पाठीमागे तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. एल्म वृक्षाच्या नुसत्या बुंध्याचाही त्याने एक लहानसा अभ्यास केला आहे. बुंध्याची खरबरीत साल आणि मागच्या गवतावर पडलेले ऊन एवढाच त्याचा विषय. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगाच्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावे लागत. ही अडचण दूर झाल्यावर उघड्यावरील चित्रण पुष्कळांच्या आवाक्यात आले.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावे. कागद पोस्टकार्डाएवढा किंवा फार तर वीतभर असावा. मोठा कागद पाने मोजण्याचा मोह पाडतो. प्रथम डोळे किलकिले करून पाहावे. त्यामुळे बारकावे लोपतात आणि झाडाचे उजेड, मध्यम छाया व गडद छाया असे तीनच मोठे भाग उरतात. त्या भागांची बेरीज म्हणजे झाड. पानांची बेरीज नव्हे. सावलीची दिशा आरंभीच ठरवून टाकावी व मागाहून बदलू नये. पानांतून दिसणारी आकाशाची छिद्रे मोकळ्या आकाशापेक्षा किंचित गडद रंगवावीत, कारण भोवतालची पाने व बारीक डहाळ्या तेथील उजेड कमी करतात. दूरची झाडे निळसर व फिकी ठेवावीत. मधल्या हवेत निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि तो त्यांच्यावर पडद्यासारखा पसरतो. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड असतो. तो आधी राखावा लागतो, एकदा झाकला गेला की पूर्वीच्या तजेल्याने परत मिळत नाही. तैलरंगात उलट आधी गडद छाया मांडून तिच्यावर दाट उजेड चढविता येतो.

तथापि युरोपातील नियम डोळे झाकून येथे लावणे योग्य नव्हे. मुंबईत वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो, आणि सावली झाडाच्या पायाशी गोळा होते. पावसाळ्यात ढगाळ उजेडाने सावल्या विरघळतात, पण ओले बुंधे काळेभोर होतात. झाडांचे स्वभावही निरनिराळे. वड प्रकाश अडवितो. कडुनिंब तो चाळून खाली सोडतो. पिंपळाचे लांब देठाचे पान थोड्या वाऱ्यानेही हलते व उजेडाचे तुकडे करते. हिमालयातील देवदार त्याला आडव्या थरांत झेलतो. महाराष्ट्रात या साधनेची परंपरा आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरास परतले, आणि कोटितीर्थाच्या परिसरातील पाणी, झाडे व बदलता उजेड यांची चित्रे त्यांनी वर्षानुवर्षे केली. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. तेच तळे पुनःपुन्हा रंगवूनही त्यांना ते पुरले, ही गोष्ट नवा देखावा शोधीत हिंडणाऱ्या नवशिक्याने ध्यानात ठेवावी.

अशा अभ्यासाचे फळ केवळ चित्रांपुरते राहत नाही. फ्रान्समधील फोंतेनब्लोच्या अरण्यात तेओदोर रूसो प्रभृती चित्रकार जुन्या ओक वृक्षांचे अभ्यास करीत. तेथील वृक्षतोड पाहून रूसोने १८५२ मध्ये सरकारकडे अर्ज केला, आणि अखेर १८६१ मध्ये सुमारे १,१०० हेक्टर अरण्य चित्रकारांसाठी राखून ठेवण्यात आले. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने ते वृक्ष तोडणीयोग्य लाकूड होते. चित्रकारांनी त्यांतील एकेका वृक्षावरचे ऊन तासन् तास निरखले होते, म्हणून त्या लाकडाच्या जागी त्यांना वृक्ष दिसले. वीतभर कागद आणि अर्धा तास एवढ्या भांडवलावर ही दृष्टी कोणालाही मिळविता येते. पहिली पन्नास चित्रे फसली तरी बिघडत नाही. एक्कावन्नाव्या वेळी दारातला निंब पूर्वीसारखा नुसता हिरवा दिसत नाही, एवढे निश्चित.